ऑझीचा शेवटचा कार्यक्रम खरंच चांगला झाला होता, की आपण नुसते हळवे झालो?

चाळीसगावच्या एका तरुणाचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्याचे काका भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, शाळेत असल्यापासून ब्लॅक सबाथ या बर्मिंगहॅमच्या हेवी मेटल बँडचे चाहते. ५ जुलै २०२५ ला इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तो या काका-पुतण्यांनी पहाटेपर्यंत जागून मोबाइलवर पाहिला. काकांच्या डोळ्यांचं पाणी खळेना. मित्रांचं म्हणणं मात्र वेगळं: म्हातारा बसून गायला, सूर हलत होता, लोकांनीच सांभाळून घेतलं. २२ जुलैला ऑझी गेला. आता काकांच्या जुन्या मित्रमंडळींसाठी जळगावात आठवणींची एक संध्याकाळ करायची आहे. तिथे हा कार्यक्रम लावावा की तरुणपणीचा एखादा? आणि मुळात तो चांगला झाला होता का?

मी जळगावात साउंडचं काम करतो. ऑर्केस्ट्रा, कीर्तन सप्ताह, शाळांची गॅदरिंग, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम, कॉलेजच्या पोरांचे गिटारवाले बँड, सगळ्यांना माइक लावून झालेत. वय झालेल्या गायकासमोर माइक ठेवणं हा त्यातला सगळ्यात जबाबदारीचा भाग आहे असं मी मानतो, म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आवाज पूर्वीसारखा होता का, हा एक. कार्यक्रम चांगला झाला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आहे आणि त्यावर वाद घालायचं कारण नाही. तुमच्या मित्रांनी पहिल्याचं उत्तर बरोबर दिलं आणि तेच दुसऱ्याला चिकटवलं. काकांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं, पण का ते त्यांना सांगता आलं नसावं. मी काकांच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारणं आहेत. गळ्यात जे उरलं होतं त्यात काय बसतं, काय बसत नाही, याचा नीट विचार करून ती नऊ गाणी मांडलेली होती. ते काम कानाला कळतं, फक्त कुठे कान द्यायचा हे माहीत हवं.

आधी गळ्याची अवस्था. २०१९ च्या सुरुवातीला ऑझी पडला आणि २००३ मधल्या क्वाड बाइकच्या अपघाताची जुनी दुखापत उलटली. मणक्यावर शस्त्रक्रिया झाल्या. आपल्याला पार्किन्सन्स आहे हे त्यानं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आता दौरे होणार नाहीत हेही सांगून टाकलं. या आजारात हात थरथरतात एवढंच आपल्याला माहीत असतं, पण छातीचे आणि गळ्याचे स्नायूही त्यात आखडतात. आवाज बारीक होतो, चढउतार सपाट होतात, दम पुरत नाही. गायकाला यातलं शेवटचं सगळ्यात जास्त नडतं. उतारवयात सूर हलतो तो बहुतेक वेळा कान गेल्यामुळे नाही, दम संपल्यामुळे. ओळ उचलताना सूर जागेवर असतो आणि शेवटच्या अक्षराला तो खाली बसतो. पुन्हा ऐकाल तेव्हा मित्रांनाही एवढंच तपासायला सांगा: ओळीची सुरुवात ऐका, शेवट ऐका, आणि दोन्हींत काय फरक पडतोय ते बघा.

आता यादी बघू. दिवसभर मेटालिका, गन्स अँड रोझेस, स्लेअर असे एकेक मोठे बँड वाजवून गेले. ऑझी आला तो शेवटी, स्टेजच्या पोटातून वर येणाऱ्या काळ्या सिंहासनावर बसून. पाच गाणी स्वतःच्या बँडबरोबर, मध्ये स्टेज बदलायला वेळ, मग ब्लॅक सबाथची चार. गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि ऑझी, हे मूळचे चौघं २००५ नंतर पहिल्यांदाच एकत्र वाजवत होते.

सबाथची ती चारही गाणी १९७० सालची आहेत. त्या एका वर्षात त्यांचे पहिले दोन अल्बम आले, तेव्हा ऑझी एकवीस वर्षांचा होता. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याचं गाणं वर वर चढत गेलं. १९७५ च्या अल्बममधल्या काही जागा आजच्या तरण्याताठ्या गायकांनाही झेपत नाहीत. त्यातलं एकही गाणं यादीत नव्हतं. आमच्या धंद्यात याला अर्धं काम झालं म्हणतात. गायकाला जे झेपणार नाही ते लोकांची फर्माइश असली तरी यादीतून काढायचं.

आणि त्या चारांतली दोन गाणी कशी बांधलेली आहेत ते बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे. ‘वॉर पिग्ज’मध्ये सुरुवातीचं वादन संपलं की गायक ओळ म्हणतो ती जवळजवळ नुसत्या झांजेवर. गिटार आणि बेस त्या वेळी गप्प असतात. ओळ संपली की दोन ठोके पडतात, मग पुन्हा शांतता, मग पुढची ओळ. म्हणजे दर ओळीनंतर दम घ्यायला हक्काची जागा. शिवाय ओळीच्या वेळी वाद्यं नसल्यामुळे मैदानातल्या माणसाला सहज गाता येतं. जिथे गायकाला दम हवा तिथे गाणंच थांबतं, आणि जिथे गायकाचा आवाज कमी पडेल तिथे चाळीस हजार माणसं असतात. हे गाणं १९७० मध्ये कोणी म्हातारपणासाठी रचलं नव्हतं, पण २०२५ मध्ये ते यादीत ठेवणाऱ्याला हे नक्की कळलं होतं.

‘आयर्न मॅन’मध्ये वेगळी सोय आहे. त्यात गायकाची चाल आणि गिटारची चाल एकच आहे. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे राहून सूर भरतो, इथे गिटार बरोबरीनं तीच सुरावट मोठ्या आवाजात वाजवते. गायकाला सूर शोधावा लागत नाही, तो पायाखालीच असतो. थोडा इकडेतिकडे झाला तरी ऐकणाऱ्याच्या कानात गिटारचा सूर पक्का बसलेला असतो.

मग ‘ममा, आय’म कमिंग होम’ कशाला घेतलं, असं तुम्ही विचाराल, कारण मित्रांचा सगळा रोख बहुधा त्याच गाण्यावर आहे. ते संथ आहे, सूर लांब धरावे लागतात, मागे लपायला मोठी गिटार नाही. त्या रात्री आवाज सगळ्यात जास्त कापला तो तिथेच. ऑझीच्या स्वतःच्या १९९१ च्या अल्बममधलं हे गाणं, शब्दांत मोटरहेड या बँडच्या लेमीचा हात आहे. विषय घरी परतण्याचा. व्हिला पार्क हे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातलं फुटबॉलचं मैदान, आणि ऑझीचं लहानपण ॲस्टनमध्येच गेलं, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नऊ गाण्यांत एक गाणं झेपण्याच्या हिशेबाबाहेर जाऊन घेतलं असेल तर ते हे, आणि का घेतलं ते कोणी समजावून सांगायची गरज नाही. मी त्या जागी साउंडला बसलो असतो तर मीही म्हटलं असतं, बाकीची आठ सांभाळून घेऊ, हे असूच द्या.

तुमच्या मित्रांनी विचारलं नाही, पण कोणीतरी विचारणारच: मागून ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाज, लावला होता का? मोठ्या दौऱ्यांत कोरस आणि कीबोर्डचे भाग मागून सोडणं आता सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. पण मुख्य आवाजाबद्दल एवढंच विचारा, ट्रॅक लावायचाच होता तर कापणारा कोण लावेल?

आता तुमच्या मोबाइलकडे येतो. तुम्ही पाहिलंत मोबाइलवर, आणि मित्रांनीही बहुतेक तिथेच. मोबाइलच्या स्पीकरला खर्ज नसतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या सुरात लावली तर ४१ हर्ट्झला वाजते, आणि मोबाइल काही शे हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. म्हणजे गीझर बटलर तुम्हाला ऐकूच आला नाही, आयोमीची गिटारही अर्धीच ऐकू आली. सबाथचं गाणं ज्या दोन खांबांवर उभं आहे ते काढून घेतले आणि उरला फक्त आवाज, तोही तोंडाजवळच्या माइकमधून आलेला. अशा उजेडात कोणताही आवाज उघडा पडेल, चाळिशीतल्या गायकाचासुद्धा. त्यात जुन्या रेकॉर्डवर ऑझीचा आवाज एकावर एक असा दोनदा गाऊन रेकॉर्ड केलेला असायचा, म्हणून तो तसा जाड आणि धारदार लागतो. तुमच्या मित्रांच्या कानात तो दुहेरी आवाज आहे आणि तुलना एकेरी आवाजाशी चाललीय. लाइव्हला इफेक्ट लावून थोडं भरता येतं, पण दोनदा गायलेलं ते दोनदा गायलेलं.

मैदानातल्या माणसाला वेगळंच ऐकू आलं असणार. त्याच्या छातीवर बेस आदळत होता आणि दोन्ही कानांत शेजारची माणसं गात होती. ‘लोकांनी सांभाळून घेतलं’ हे वाक्य तुमचे मित्र तक्रार म्हणून बोलले. मी म्हणतो, लोकांबरोबर गाणं हे फार कठीण काम आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फुटबॉलच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा माणूस गातो तो मुळात उशिरा ऐकून, आणि त्याचा आवाज परत स्टेजवर पोहोचतो आणखी एक तृतीयांश सेकंदानं. गायक जर त्या आवाजामागे गेला तर गाणं रेंगाळतं आणि ड्रमवाल्याशी फारकत होते. त्यासाठी कानातल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाला स्टेजवरचं ऐकवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, ड्रम पक्के हवेत, आणि गायकाला लोकांच्या आवाजात वाहून न जाण्याची शिस्त हवी. आजारी माणसानं, सहा वर्षांतला बराच काळ अंथरुणात आणि दवाखान्यात काढल्यावर, ते नऊ गाणी निभावलं.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात एक ज्येष्ठ गायक आहेत. वय झालं तशी त्यांची पट्टी दोन अर्धस्वर उतरली. कीबोर्डवाल्याला काही अडचण नाही, ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबलं की झालं. क्लॅरिनेटवाला मात्र कुरकुरतो, कारण त्याची सगळी बोटं बदलतात. माइक मी त्यांना ओठांना लागेल इतका जवळ धरायला सांगतो. लांब धरला तर माइकचा गेन (आवाज उचलण्याची ताकद) वाढवावा लागतो आणि साउंड शिट्टी मारायला लागतो. जवळ धरला की आवाज घुमतो, म्हणून खर्जाचा भाग साउंडच्या टेबलवरून (मिक्सरवरून) थोडा कापतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या मॉनिटरमध्ये त्यांचाच आवाज भरपूर देतो. स्वतःचा आवाज नीट ऐकू आला की गायक जोर लावत नाही, आणि जोर लावला नाही की दम पुरतो. हे केलं की तेच आजोबा शेवटच्या गाण्यापर्यंत टिकतात. नाही केलं तर तिसऱ्या गाण्यालाच घसा धरतो आणि लोक म्हणतात, आता यांनी थांबायला हवं. म्हणून कोणाचंही उतारवयातलं गाणं ऐकताना मी आधी बघतो, आजूबाजूच्यांनी त्यांच्यासाठी काय केलंय.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना हे शिकवावं लागत नाही. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी दीर्घ आजारपणानंतर गायला बसले, तेव्हा तरुणपणीच्या ताना ऐकायला मिळतील अशी कोणाची अपेक्षा असेल असं मला वाटत नाही. तानपुरा गायकाच्या पट्टीत लावला जातो, पट्टी उतरली तरी कोणी तक्रार करत नाही. रॉकमध्ये ही सोय सहज मिळत नाही, कारण गिटारचे जे तुकडे लोकांच्या कानात बसलेले असतात ते मोकळ्या तारांवर अवलंबून असतात. सूर खाली न्यायचा तर तारा मुळातूनच सैल लावाव्या लागतात.

आणि तारा सैल लावण्याचं कामच आयोमीनं सुरुवातीच्या वर्षांत केलं, तेही दुखापतीपोटी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या, आणि १९७१ च्या अल्बमपासून तारा दीड स्वर खाली उतरवल्या, म्हणजे बोटांवर ताण कमी. ज्याला आज हेवी मेटलचा भारदस्त आवाज म्हणतात तो त्यातून घडला. या बँडचा पायाच मुळी ‘उरलंय त्यात कसं वाजवायचं’ हा होता. शेवटच्या रात्री ऑझीनं वेगळं काही केलं नाही.

इथवरचं थोडक्यात: आवाज उतरला होता हे खरं, गाण्यांची निवड आणि मांडणी त्याला धरून होती, मित्रांचा न्याय मोबाइलच्या स्पीकरवरचा आहे, आणि लोकांचं गाणं हा त्या रात्रीच्या संगीताचाच भाग होता.

काही गोष्टी ऐकणाऱ्यावर अवलंबून आहेत, हेही मान्य करायला हवं. ज्यानं ऑझी आधी कधीच ऐकला नाही त्याला हा कार्यक्रम लावून दाखवला तर तो हलणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. शिवाय उतारवयातला प्रत्येक कार्यक्रम असाच चांगला असतो असं माझं म्हणणं नाही. गायकाची इच्छा नसताना आयोजक ओढून आणतात, अवस्था लपवून तिकिटं विकतात, शब्दसुद्धा आठवत नाहीत अशा माणसाला दिव्यांखाली उभं करतात, ते मी जवळून बघितलंय आणि अशा वेळी माझा हात टेबलवर चालत नाही. व्हिला पार्कला तसं नव्हतं. त्यानं पाच वर्षं आधीपासून सगळं उघड सांगितलं होतं, लोक ते माहीत असून आले होते, आणि पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि बर्मिंगहॅममधल्या मुलांच्या दवाखान्याला, आणि बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या मुलांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसला गेला.

आता तुमची संध्याकाळ. तारीख ठरलेली नसेल तर ३ डिसेंबर घ्या, ऑझीचा जन्म १९४८ चा त्याच दिवशीचा. जळगावात तेव्हा हवाही बरी असते, मे महिन्यात साठीतल्या माणसांना बंद हॉलमध्ये बसवू नका. शेवटचा कार्यक्रम जरूर लावा, पण आधी जुना लावून लगेच नवा लावू नका. तसं केलं की हॉलमधला प्रत्येक जण नकळत वजाबाकी करत बसतो. सुरुवात बोलण्यानं करा. काकांच्या पिढीनं भुसावळात ही गाणी कोणाच्या घरी, कोणत्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकली, ते त्यांच्याकडून वदवून घ्या. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन घरांच्या आठवणी नक्की निघतील आणि त्या आता सांगणारे कमी होत चाललेत. मग जुनी रेकॉर्ड ऐकवा, नुसती ऐकवा, पडदा नको. मध्ये चहा. त्यानंतर शेवटचा कार्यक्रम.

घरी पैसे भरून बघितलेलं रेकॉर्डिंग हॉलमध्ये लावायचा परवाना आपोआप मिळत नाही. बाहेरच्या लोकांना बोलावणार असाल तर दाखवण्याच्या हक्कांची परवानगी आणि संगीतासाठी आयपीआरएस, पीपीएल (गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्था) यांचं काय लागतं ते हॉलवाल्याला आधी विचारा. घरच्या दिवाणखान्यात दहा-पंधरा जण जमवलेत तर ही दगदग नाही, आणि मला विचाराल तर तेच जास्त रंगेल. उघड्यावर केलंत तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद.

साउंडसाठी दोन टॉप (नेहमीचे मोठे स्पीकर) आणि खर्जासाठी एक सबवूफर पुरे. सबवूफर हवाच, त्यावाचून गीझर बटलर पुन्हा हरवेल. आवाज फार चढवू नका. समोरच्यांचे कान साठीचे आहेत, मोठ्या आवाजात त्यांना शब्द कळत नाहीत, नुसता कलकलाट होतो.

आणि एक करून बघाच. ३० जुलैला बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून ऑझीची अंत्ययात्रा निघाली तेव्हा पुढे ब्रास बँड सबाथची गाणी वाजवत चालला होता. आपल्या खान्देशात बँडवाल्यांची काय कमतरता? लग्नसराईत कोणतंही नवं गाणं आज ऐकून उद्या वरातीत वाजवणारी माणसं आहेत ती. एखाद्या बँडमास्तरांना गाठा, ‘आयर्न मॅन’ची सुरुवात मोबाइलवरून आठ दिवस आधी पाठवा आणि ट्रम्पेटला सोपी जाईल ती पट्टी त्यांनाच ठरवू द्या. दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, एक मोठा ढोल, एवढ्यावर भागतं. लय संथ ठेवा असं बजावून सांगा, वरातीच्या सवयीनं ते पळवतील. मानधन ठरवून आगाऊ द्या, आणि सीझनच्या तारखांना विचारायला जाऊ नका.